काठ ढासळतो तेव्हा तळ बघा : ओढ्या-नद्यांचं पात्र वाचायचं कसं?

पूर चढत असतो तेव्हा नदीचा काठ बहुधा शाबूत असतो. पाणी पायरी-पायरीने वर येतं, गाव रात्रभर जागं राहतं आणि काठ जिथल्या तिथे. मग पाऊस उघडतो, पाणी झपाट्याने उतरतं, माणसं घरी जाऊन पाठ टेकतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर बघावं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढा मातीचा तुकडा, वरच्या उसासकट, नदीत जाऊन बसलेला. पूर तर गेला होता, मग आता कसा पडला? दर पावसाळ्यानंतर नदीकाठच्या गावांत हा प्रश्न निघतो. त्याचं उत्तर काठाच्या माथ्यावर सापडत नाही; ते पायथ्याशी आणि तळात असतं. कधी कधी तर दोन किलोमीटर वर किंवा खाली. तिथवर पोचायचं तर आधी पात्राचे भाग ओळखीचे व्हायला हवेत.

नावं आपल्याकडे आहेतच

पहिली गोष्ट दिशेची. ऐलतीर-पैलतीर हे आपण कुठे उभे आहोत त्यावर बदलतं, त्यामुळे नोंदीला ते चालत नाही. डावा आणि उजवा तीर मात्र पक्का असतो : पाणी जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला उजवा तीर. धरणाचा उजवा कालवा, डावा कालवा ही नावंही याच हिशेबाने पडलेली.

दोन काठांमधली, वर्षातून कधी ना कधी पाणी वाहतं ती सगळी जागा म्हणजे पात्र. त्यातली सगळ्यात खोल रेघ म्हणजे धार. ती मधोमध असते हा गैरसमज आहे. ती या काठावरून त्या काठाकडे झोके घेत जाते. खोल, संथ जागा म्हणजे डोह, कोकणात कोंड. दोन डोहांच्या मधे गोट्यांवरून पाणी आवाज करत जातं तो खळाळ. पायी ओलांडता येतो तो उतार, आणि तो जवळजवळ नेहमी खळाळाशीच असतो, कारण तळ तिथेच वर आलेला असतो. पूर ओसरताना काठाबाहेर पोयटा टाकून जातो ती मळीची जमीन. आणि नदीकाठचा सगळा मुलूख म्हणजे थडी : गोदावरीची गंगथडी, भीमेची भीमथडी. नदीपात्र आणि बाजूची पुराची जमीन हे एकच प्रकरण आहे, हे या शब्दांत आधीपासूनच आहे. सातबाऱ्यावर मात्र ते दोन वेगळे गट नंबर होतात.

लहान प्रवाहांची नावं प्रदेशाप्रमाणे बदलतात. देशावर ओहोळ, ओढा, कोकणात पऱ्या, वहाळ, विदर्भात नाला. अभ्यासक त्यांना क्रमांक देतात. ज्याला वरून कुणी येऊन मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, दुसरीचे दोन मिळाले की तिसरी. दुसरीला पहिली मिळाली तर श्रेणी वाढत नाही. या मोजणीतून एक गोष्ट लगेच कळते : नदीच्या जाळ्याची बहुतेक लांबी या बिननावाच्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या ओहोळांचीच असते. खालच्या नदीत येणारे दगड आणि माती मुख्यतः तिथून निघतात.

उतार कुठे खर्च होतो

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर. तिथून निघालेली कृष्णा वाईला पोचते तेव्हा ७०० मीटरच्या आसपास असते. म्हणजे निम्मी उंची पहिल्या काही कोसांतच उडवून टाकली, आणि बंगालचा उपसागर अजून हजार किलोमीटरहून दूर. त्याच माथ्यावरून पश्चिमेला उतरणारी सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीत पोचतेसुद्धा. पाऊस तोच, खडक तोच, पण दोघींची पात्रं अगदी वेगळी. याचं कारण उतार, म्हणजे पात्राच्या तळाचा ढाळ.

खडक म्हणजे आपला काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. सगळे थर सारखे नाहीत. घट्ट काळा पाषाण कठीण. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मांजऱ्या खडक त्यामानाने नरम. आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी रंगाचा, नखाने खरवडता येईल असा मातकट थर. पाणी नरम थर आधी खातं. वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो, वजन पेलेनासं झालं की तुटतो. धबधबा असा मागे मागे सरकतो, पायथ्याशी कुंड खोदतो. सह्याद्रीतले बरेच धबधबे एका झेपेत न पडता टप्प्याटप्प्याने पडतात ते या थरांमुळेच.

खडकाळ तळावरचं नदीचं काम बघायचं तर पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात जावं, उन्हाळ्यात. खडकात शेकडो रांजणखळगे आहेत. एखाद्यात डोकावलं की तोंड लहान आणि पोट मोठं दिसतं, भिंतीवर आडव्या गोल वळ्या दिसतात आणि तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले असतात. हे गोटेच हत्यार आहेत. खडकातल्या एखाद्या पोकळीत किंवा फटीत दगड अडकतो, पुराच्या पाण्याचा भोवरा त्याला जात्यासारखा फिरवतो, वाळू घासण्याचं काम करते. नुसत्या पाण्याने हे होत नाही. गाळ फार आला तरी होत नाही, खळगा बुजूनच जातो. दोन खळगे वाढत वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत फुटते, आणि अशा फुटलेल्या भिंतींच्या रांगेतून नदी स्वतःसाठी अरुंद, खोल घळ तयार करते. निघोजला या सगळ्या अवस्था शेजारी शेजारी दिसतात.

आणखी एक लक्षण : काही ठिकाणी खडकाची उभी भिंत पात्राला आडवी गेलेली असते. जुन्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, त्या या भिंती. त्यांना डाइक म्हणतात. भिंत आजूबाजूच्या खडकापेक्षा कठीण असेल तर तिच्या वर डोह आणि खाली खळाळ तयार होतो, म्हणजे आयता बंधारा. उलट ती भेगाळलेली असेल तर पाणी तिच्यातून मुरून निघून जातं. बंधाऱ्याची जागा ठरवताना हे आधी बघितलं नाही तर बांधकाम उत्तम होऊनही बंधाऱ्यात पाणी राहत नाही.

दगड, गोटे, वाळू, पोयटा

नदी पाण्यासोबत दगडमातीही वाहून नेते, आणि पात्राचा आकार या दुसऱ्या कामावर जास्त अवलंबून असतो. आकाराप्रमाणे ठरलेले वर्ग असे : २५६ मिलिमीटरपेक्षा मोठा तो धोंडा, ६४ ते २५६ गोटे, २ ते ६४ बारीक गोटे आणि खडी, २ मिलिमीटर ते सोळांश मिलिमीटर (०.०६२५) वाळू, त्याखाली पोयटा, आणि ०.००४ मिलिमीटरखाली चिकणमाती. घरगुती चाचणी सोपी आहे. चिमूटभर ओली माती बोटांत चोळा. कण दिसले आणि टोचले तर वाळू, पिठासारखं लागलं तर पोयटा, बोटांना चिकटून चकाकली तर चिकण.

पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते किती मोठा दगड हलवू शकतं? व्यासाने चौपट, म्हणजे वजनाने ६४ पट. ओढ्यातला म्हशीएवढा धोंडा वीस वर्षं हलला नाही आणि एका रात्रीत पन्नास फूट खाली गेला, याचं कारण हे गणित. नदीचं बांधकाम वर्षातल्या काही तासांत होतं. बाकीचे दिवस ती फक्त वाहते.

इथे एक उलटी गोष्ट आहे. सगळ्यात आधी उठते ती मध्यम वाळू, सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपासच्या वेगातही. खडीला जास्त वेग लागतो, कारण ती जड. पण वाळूपेक्षा बारीक असलेल्या चिकणमातीलाही जास्तच वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना धरून बसतात. एकदा सुटली की मात्र अगदी संथ पाण्यातही ती खाली बसत नाही, आणि नदी गढूळ राहते. काठात चिकणमातीखाली वाळूचा थर असेल तर काय होणार, याचा अंदाज इथेच येतो.

कोरड्या पात्रातही पाण्याची दिशा कळते. चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक रेललेले असतात, त्यांची वरची कड खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या दिशेला झुकलेली. तसे बसले की पाणी त्यांना आणखी घट्ट दाबतं. या वरच्या गोट्यांच्या थराखाली हात घातला तर बारीक खडी आणि वाळू लागते. वरचा थर म्हणजे तळाचं चिलखत. जेसीबीने पात्र 'साफ' केलं की हे चिलखत आधी जातं आणि पहिल्याच मोठ्या पाण्यात खालची वाळू निघून जाते.

पाणी किती आहे

बातमीत क्युसेक येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर एका क्युसेकने सहा मिनिटांत भरतो. धरणातून एक लाख क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला असे २८३ टँकर.

ओढ्याचं पाणी स्वतः मोजायचं तर दोरी, काठी, घड्याळ आणि संत्रं एवढं पुरतं. संत्रं अशासाठी, की ते बहुतांशी पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने फारसं भरकटत नाही, आणि लांबून दिसतं. ओढ्याचा सरळ, फार डोह नाही असा दहा मीटरचा तुकडा निवडा. वरच्या खुणेच्या थोडं आधी संत्रं सोडा आणि खालच्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजा. चार-पाच वेळा, दर वेळी वेगळ्या जागेतून. समजा सरासरी २० सेकंद आले; पृष्ठभागाचा वेग ०.५ मीटर. तळाशी पाणी घासत जातं म्हणून याला ०.८५ ने गुणायचं, फार खडकाळ तळ असेल तर आणखी कमीने. आता रुंदी मोजा, समजा ६ मीटर. आणि दर मीटरला काठी बुडवून खोली घ्या, सरासरी ०.४ मीटर. आडवा छेद २.४ चौरस मीटर. २.४ गुणिले ०.४२५, म्हणजे सेकंदाला सुमारे एक घनमीटर, ३६ क्युसेक. चूक बहुधा एकच होते : खोली फक्त मधे मोजली जाते आणि उत्तर दीडपट येतं. पुराच्या पाण्यात हा प्रयोग करायचा नाही.

पातळी आणि विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णेची ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला ती ५७ फुटांवर गेली. पण तेवढंच पाणी वेगळ्या दिवशी वेगळी पातळी दाखवू शकतं, कारण खालून अडवणूक होते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथे कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेला आत शिरायला वाव राहत नाही, पाणी मागे तुंबत जातं. याला फुगवटा म्हणतात. फुगवट्यात वेग मरतो, पातळी चढते आणि पोयटा खाली बसतो. कोकणात हेच काम भरती करते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने शहर बुडवलं, तेव्हा वरून कोसळणारा पाऊस आणि खालून भरती दोन्ही होते.

नदीकाठी जागा घेणाऱ्याने जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघाव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मधे निर्बंध. '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. लागोपाठ दोन वर्षंही तो येऊ शकतो.

वळणावर काय चालतं

वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे लोटलं जातं, तिथली पातळी किंचित वर चढते. तो चढलेला भार पाण्याला खाली ढकलतो आणि तळाशी पाणी उलट, आतल्या काठाकडे सरकतं. पुढे वाहणं चालूच असतं, त्यामुळे एकूण प्रवाह पिळलेल्या सुंभासारखा गोल फिरत पुढे जातो. बाहेरच्या काठाशी वरून खाली घुसणारं पाणी पायथा खोदतं. तळावरून आत जाणारं पाणी खोदलेली वाळू वाहून नेतं आणि वेग मंदावतो तिथे, बहुतेकदा पुढच्या वळणाच्या आतल्या बाजूला, टाकतं. म्हणून बाहेर उभी दरड आणि डोह, आत वाळूची उतरती पुळण. पोहायला पुळणीवरून उतरलेला माणूस चार पावलांत गळ्यापर्यंत जातो तो याच आकारामुळे. पुळणीचा उतार पाण्याखाली गेल्यावर एकदम तीव्र होतो.

या वळणांना एक माप असतं. मातीत वाहणाऱ्या नदीत एक पूर्ण नागमोड, म्हणजे डावं आणि उजवं वळण मिळून, पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट लांब असते. खळाळ ते खळाळ अंतर रुंदीच्या पाच-सात पट. २० मीटर रुंद ओढ्यात १०० ते १४० मीटरवर पुढचा खळाळ यायला हवा. ओढा सरळ केला तरी तो हे माप विसरत नाही. काही पावसाळ्यांत सरळ चरातही आलटून पालटून वाळूचे ढीग बसायला लागतात आणि त्यांच्या समोरचा काठ खचायला लागतो.

दख्खनच्या नद्यांत एक फरक ध्यानात ठेवावा. इथलं पात्र पेटीसारखं, काठ उंच, आणि खाली बऱ्याच ठिकाणी खडक. उन्हाळ्यातली नदी या मोठ्या पात्रात एक छोटं पात्र करून वाहते. त्या छोट्या पात्राकडे बघून नदीची रुंदी ठरवणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक. खरी रुंदी पुरात अडकलेल्या काटक्या-कचऱ्याच्या रेषेवरून आणि पक्की झाडं सुरू होतात तिथून दिसते. तापी-पूर्णेचं खोरं अपवाद; तिथे गाळाचा थर शंभर मीटरपेक्षाही खोल आहे, खडकाचा आधार नाही.

काठ पडतो तो कसा

उन्हाळ्यात एखाद्या उभ्या दरडीसमोर उभं राहून वरून खाली बघत यावं. वर दीड-दोन मीटर काळी माती, मनगट जाईल एवढ्या उभ्या भेगा पडलेली. त्याखाली पिवळसर पोयटा, त्यात चुनखडीचे पांढरे खडे. त्याच्याखाली हातभर वाळू आणि बारीक गोट्यांचा थर, बोटाने उकरला तर भुरभुरतो. मग पाणी, किंवा काळा खडक. वाळूच्या थरासमोर जमिनीवर शंकूसारखे छोटे ढीग दिसले तर तो थर आतून रिकामा होतो आहे.

असा काठ तीन तऱ्हांनी पडतो. पहिली, खालची वाळू धुपून वरची माती छज्ज्यासारखी लोंबकळते आणि तुटते. दुसरी, काठापासून मीटर-दोन मीटर आत, काठाला समांतर भेग पडते आणि अख्खी फळी सुटून पुढे कलंडते. तिसरी चिकणमातीत : तुकडा पाठमोरा फिरून खाली घसरतो. अशा वेळी वरचं झाड नदीकडे न कलता मागे, शेताकडे कललेलं दिसतं.

आता पूर ओसरल्यावर का, ते. पूर भरलेला असतो तेव्हा पाणी बाहेरून काठाला रेटून धरतं. त्या काळात माती आतून भिजते. घनमीटरला साधारण १.६ टन असलेली कोरडी माती २ टनांच्या आसपास जाते. पाणी झपाट्याने उतरलं की बाहेरचा टेकू एकदम जातो, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगाने निचरत नाही. वजन वाढलेलं, आतून पाण्याचा दाब, कणांची एकमेकांवरची पकड ढिली, आणि पायथा पुराने आधीच खोदलेला. काळ्या मातीच्या भेगांत पाणी भरलेलं असेल तर तेही पाचरीसारखं रेटतं. पातळी जितकी अचानक उतरते तितका धोका जास्त. म्हणून धरणाचे दरवाजे भराभर बंद झाल्यावरही खालच्या काठांवर हे दिसतं.

काठालगत पाटपाणी देऊन वाढवलेला ऊस यात भर घालतो. वरून मुरलेलं पाणी वाळूच्या थरातून नदीकडे पाझरतं आणि जाताना वाळूचे कण घेऊन जातं. त्यासाठी पूर यावाच लागतो असं नाही.

कारण वर, कारण खाली

एकाच जागी काठ पडत असेल तर कारण बहुधा तिथलंच असतं : वळण, झाडाचा अडथळा, पुलाचा खांब. पण दोन्ही काठ, लांबवर, एकाच वेळी पडायला लागले तर समजावं की तळ खाली गेला आहे. काठाची उंची तळापासून मोजतात. तळ एक मीटर खाली गेला की चार मीटरचा काठ पाच मीटरचा होतो, आणि त्याची माती चार मीटरपुरतीच उभी राहणारी असेल तर तो पडणार.

तळ खाली जाण्याची नेहमीची तीन कारणं. एक, वाळू उपसा. पात्रात खड्डा केला की त्याच्या वरच्या कडेला पायरी तयार होते. पाणी त्या पायरीवरून पडतं, पायरी कुरतडतं, आणि ती पायरी वर वर, उगमाच्या दिशेने चालत जाते. खड्डा होता एका गावात, पुलाचे खांब उघडे पडतात वरच्या गावात. वाटेत जो ओढा मिळतो त्याच्याही तोंडाशी पायरी तयार होते आणि ती त्या ओढ्यात शिरते. काठच्या विहिरींचं पाणीही खाली जातं, कारण नदीच्या तळाशी त्यांचं नातं असतं. संगमनेरच्या परिसरात प्रवरेकाठी घळींनी चिरलेल्या जमिनी आहेत. मऊ गाळाच्या थरात तळ खाली गेल्यावर ओहोळ शेतांत कसे घुसत जातात ते तिथे बघायला मिळतं.

दोन, ओढा सरळ करणं आणि खोलीकरण. वळणं काढली की तेवढाच उतार कमी लांबीत बसतो, वेग वाढतो, तळ खोदला जातो. खोलीकरणाच्या वरच्या टोकाला पायरी तशीच उघडी सोडली की पहिल्याच पावसाळ्यात ती चालायला लागते. ही पायरी दगडांनी किंवा छोट्या बंधाऱ्याने जखडणं हा खोलीकरणाच्या कामाचाच भाग असायला हवा. अंदाजपत्रकात तो क्वचित दिसतो.

तीन, धरण आणि बंधारे. वाळू-गोटे जलाशयात अडकतात आणि खाली रिकाम्या हातांनी आलेलं पाणी आपलं ओझं खालच्या तळातून उचलतं. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या काढत्या-घालत्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात ते पुराला वाट मिळावी म्हणून, आणि गाळही पुढे जावा म्हणून. बर्गे राहून गेले की पाणी बंधाऱ्याच्या कडेने वाट काढतं आणि बाजूचा काठच फोडतं.

काठ धरायचा तर

क्रम महत्त्वाचा : आधी तळ, मग पायथा, मग उतार, शेवटी माथा. आपल्याकडे काम बहुतेक उलट्या क्रमाने होतं, वरून भिंत बांधून.

आधी खालच्या अंगाला दोन-तीन किलोमीटर चालत जाऊन चालती पायरी आहे का ते बघायचं. असेल तर पैसे तिथे घालायचे; काठावरची भिंत तीन पावसाळेही टिकणार नाही. तळ स्थिर असेल तर पायथ्याशी मोठे, ओबडधोबड दगड टाकायचे. नदीतले गोल गोटे नकोत, ते घरंगळतात. पुरात तळ जेवढा खोदला जातो त्याच्याखाली पाया न्यायचा, नाहीतर पायाच्या पुढे दगडांचा सैल पट्टा अंथरायचा. तळ खोदला गेला की ते दगड आपोआप खड्ड्यात उतरतात. पुलाच्या खांबाभोवती असे खड्डे पुरात पडतात आणि ओसरताना वाळूने भरूनही जातात, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं ठीक दिसतं. खोली ठरवताना या दिसण्यावर जायचं नाही.

त्यावर काठ दीडास एक किंवा दोनास एक (आडवं दीड किंवा दोन, उभं एक) असा उतरता करायचा. दगडांच्या फरशीखाली जाड वाळू आणि खडीचे गाळणीथर घालायचे, किंवा जिओटेक्स्टाइलचं कापड. हा थर वाचवला की आतली माती दगडांच्या फटींतून बाहेर येते आणि दगड शाबूत असतानाच फरशी पोटात खचते. पक्की भिंत असेल तर दर दीड-दोन मीटरवर पाणी निचरायची भोकं हवीत, त्यांच्या मागे खडी. नाहीतर पूर उतरल्यावर मागचं पाणी भिंतीलाच ढकलतं. कामाची दोन्ही टोकं काठात आत वळवून घट्ट बसवायची. काम फसतं ते बहुतेकदा टोकाशी, पाणी मागून शिरून.

वर हिरवळ. पाण्यालगत लवचीक झाडोरा : शेरणी, वाळुंज, लव्हाळा. पुरात हे आडवं पडतं आणि काठ झाकतं. उताराच्या मधल्या भागात निर्गुडीच्या काड्या, दोन तृतीयांश जमिनीत, पावसाच्या तोंडावर. वाळ्याच्या ओळी आडव्या. माथ्याच्या मागे करंज, उंबर, जांभूळ. पायथा पोखरलेल्या काठाच्या अगदी कडेवर उंच झाड लावलं तर मुळांच्या पकडीपेक्षा त्याचं वजन आणि वाऱ्याचा हेलकावा जास्त भारी पडतो.

हे काही करण्याआधी एक पावसाळा नुसती मोजणी केली तरी बरंच कळतं. काठाच्या कडेपासून पाच आणि दहा मीटर आत, दर वीस मीटरवर लोखंडी खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला नंबर, डावा तीर की उजवा तेही लिहा. मे अखेर, प्रत्येक मोठ्या पुरानंतर आणि नोव्हेंबरात, टेप कडेपर्यंत लावून अंतर वहीत उतरवा, आणि त्याच खुंटीशी उभं राहून एक फोटो घ्या. सोबत काठी बुडवून पायथ्याशी खोली. खोली वाढली आणि अंतर अजून तेवढंच असेल, तर पुढच्या पुरात त्या खुंटीपाशी उभं राहू नये.